दारातली मोकळी जागा पार्किंगला भाड्यानं द्यायची? तासगावचा रथोत्सव, सुप्रीम कोर्ट आणि वरकमाईचं खरं गणित

गणेश चतुर्थीचा दुसरा दिवस. ऋषिपंचमी. बाकीच्या महाराष्ट्रात गणपती नुकताच बसलेला असतो, पण तासगावात याच दिवशी निरोपाची तयारी असते. इथला संस्थानचा गणपती दीड दिवसाचा. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या गणपती मंदिराच्या सात मजली गोपुरासमोरून रथ निघतो आणि काशीविश्वेश्वराच्या मंदिरापर्यंत भाविक तो दोरखंडांनी ओढत नेतात. सुमारे अडीचशे वर्षांची ही परंपरा.

आता या दिवशी गावात येणाऱ्या माणसाची पहिली अडचण कोणती? दर्शन नाही. जेवण नाही. गाडी कुठं लावायची, ही.

मंदिराच्या आसपासच्या गल्ल्या जुन्या. ज्या काळात आखल्या गेल्या तेव्हा बैलगाडी गेली की काम भागायचं. आज त्याच गल्लीत दोन्ही बाजूंना दुचाक्या असतात आणि मधून चारचाकी जायला बघते. आणि गंमत अशी की त्याच गल्लीतल्या एखाद्या वाड्याचं अंगण रिकामं असतं. पोरं पुण्याला, गाडी त्यांच्याकडे आणि इथं आई-वडील दोघंच.

मग साहजिकच प्रश्न पडतो. ही रिकामी जागा महिन्याच्या भाड्यानं दिली तर?

सोशल मीडियावर "घरबसल्या कमवा" छापाच्या रील्समध्ये हा सल्ला हमखास दिसतो. रिकामं पार्किंग भाड्यानं द्या, महिन्याला पैसे घ्या, विषय संपला. पण विषय तिथं संपत नाही, तिथून सुरू होतो. कारण जागा रिकामी असणं वेगळं आणि ती भाड्यानं द्यायचा हक्क असणं वेगळं.

तासगावसारख्या गावात पार्किंग भाड्यानं घेणार कोण?

मुंबई-पुण्यात गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. तालुक्याच्या गावात मात्र गिऱ्हाईक नेमकं कोण, हे आधी समजून घ्यावं लागतं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे पेठेतलं कुटुंब. द्राक्षाचा हंगाम बरा गेला, कर्ज मिळालं, दारात गाडी आली. पण घर जुनं, गल्ली अरुंद. गाडी रात्री लावायची कुठं?

दुसरं गिऱ्हाईक रोज सांगली-मिरजेला जाणारी नोकरदार मंडळी. घरापासून बसस्थानकापर्यंत दुचाकी आणि पुढं एसटी. यांना दिवसभरासाठी स्थानकाजवळ सुरक्षित जागा हवी असते.

तिसरं गिऱ्हाईक छोटे व्यापारी. तासगावची बाजार समिती बेदाण्याच्या सौद्यांसाठी ओळखली जाते. हंगामात पिकअप, टेम्पो, ट्रक यांची ये-जा वाढते. ज्याच्याकडे एक छोटा टेम्पो आहे, त्याला तो रात्री रस्त्यावर ठेवायचा नसतो.

आणि चौथं, एका दिवसाचं गिऱ्हाईक. रथोत्सव, संकष्टी, आठवडी बाजार, लग्नाची तिथी.

म्हणजे मागणी आहे. पण इथंच एक मोठी मेख आहे. रस्त्यावर गाडी फुकट लावता येत असेल, तर पैसे देईल कोण? अमेरिकेतले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी २००५ मध्ये फुकट पार्किंगच्या किमतीवर एक जाडजूड ग्रंथच लिहिला. त्यांचं म्हणणं साधं होतं. मोटार तिच्या आयुष्यातला सुमारे ९५ टक्के वेळ नुसती उभी असते आणि ती फुकट उभी राहते तेव्हा त्या जागेची किंमत दुसरं कुणीतरी मोजत असतं. कधी पायी चालणारा, कधी दुकानदार, कधी रुग्णवाहिकेतला पेशंट.

तासगावला हे लावून बघा. जोपर्यंत गल्लीत गाडी लावल्यावर कुणी हटकत नाही, तोपर्यंत खासगी पार्किंगचं भाडं कमीच राहणार. लोक पैसे देतील ते जागेसाठी कमी आणि सुरक्षिततेसाठी जास्त. कुलूप लागणारं गेट, वर पत्रा, एखादा कॅमेरा, दारात कायम माणूस. विकायची गोष्ट ही आहे.

आता मुख्य प्रश्न : जागा कुणाची?

इथं पाच प्रकार पडतात आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे.

पहिला, स्वतःच्या मालकीचा बंगला आणि त्याचं आवार. मालमत्तेच्या उताऱ्यावर एकट्याचं नाव असेल तर इथं सगळ्यात कमी अडचण.

दुसरा, वाडिलोपार्जित वाडा. उताऱ्यावर तीन भावांची नावं आणि राहतो एकच. अशा अंगणाचं भाडं एकानं परस्पर घ्यायला सुरुवात केली, तर रक्कम किती छोटी आहे हे कुणी बघत नाही. महिन्याच्या हजार रुपयांवरून सुरू झालेला वाद वाटणीच्या दाव्यापर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे इथं आधी भावकीची लेखी संमती आणि मग भाडं.

तिसरा, घरासमोरचा रस्ता. अनेकांना वाटतं, गेटसमोरची जागा आपलीच. तिथं दगड ठेवले जातात, कुंड्या मांडल्या जातात. पण कुंपणाच्या बाहेरचा रस्ता सार्वजनिक आहे. तुमच्या गेटसमोर गाडी आडवी लावून वाट अडवणं चूक आहे हे खरं, पण म्हणून त्या जागेचं भाडं घ्यायचा हक्क तुम्हाला मिळत नाही. रस्त्यावर पे अँड पार्क करायचं की नाही, हे नगरपरिषद ठरवणार. जत्रेच्या दिवशी रस्त्याकडेला उभं राहून चिठ्ठ्या फाडणाऱ्यांकडे नगरपरिषदेची परवानगी नसेल, तर ती वसुली बेकायदेशीरच.

चौथा, गावाकडेचं शेत. जत्रेच्या दिवशी पीक निघालेल्या रानात गाड्या लावणं वेगळं आणि वर्षभर ट्रक लावायला मुरूम टाकून जमीन देणं वेगळं. कायमचा असा वापर शेतीचा राहत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार जमिनीचा वापर बदलला तर त्याचे नियम आणि आकारणी लागू होते, आणि परवानगीशिवाय बदलला तर दंडही. त्यामुळे आधी तहसील कार्यालयात विचारून घेतलेलं बरं.

आणि पाचवा प्रकार, सगळ्यात जास्त गैरसमज असलेला. अपार्टमेंटमधलं पार्किंग.

"मी पैसे देऊन घेतलंय" हे वाक्य कोर्टात किती टिकतं?

यासाठी मुंबईच्या दहिसरमधलं एक प्रकरण बघावं लागतं. नहालचंद लालूचंद प्रायव्हेट लिमिटेड हा बिल्डर आणि पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था यांच्यात वाद होता. इमारतीच्या खाली, खांबांमध्ये मोकळी सोडलेली पार्किंगची जागा, म्हणजे स्टिल्ट, बिल्डर स्वतंत्रपणे विकू शकतो का?

३१ ऑगस्ट २०१० रोजी सुप्रीम कोर्टानं उत्तर दिलं, नाही. स्टिल्टमधली जागा म्हणजे गॅरेज नव्हे. महाराष्ट्राच्या १९६३ च्या फ्लॅट मालकी कायद्याखाली ती इमारतीच्या सामाईक भागात मोडते आणि बिल्डरला ती फ्लॅटपासून वेगळी काढून विकता येत नाही.

पुढे २०१६ मध्ये रेरा कायदा आला. त्यात गॅरेजची व्याख्याच देण्यात आली. वर छत आणि तीन बाजूंना भिंती असतील तर ते गॅरेज. उघड्यावरचं पार्किंग मात्र सामाईक क्षेत्रात. जुलै २०२१ मध्ये महारेरानं परिपत्रक काढून स्पष्ट केलं की उघडं पार्किंग बिल्डरला विकता येणार नाही, आच्छादित पार्किंग आणि गॅरेज मात्र पैसे घेऊन देता येईल. २०२४ मध्ये तर पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि ठिकाण हे सगळं करारनाम्यात लिहिणं बंधनकारक केलं.

त्यामुळे अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यानं पहिलं काम कोणतं करायचं? कपाटातला करारनामा काढायचा आणि पार्किंगबद्दल त्यात नेमके कोणते शब्द आहेत ते वाचायचे.

सोसायटी नोंदणीकृत असेल तर आणखी एक कागद बघावा लागतो. उपविधी. राज्याच्या आदर्श उपविधींमध्ये पार्किंगचं वाटप सोसायटीनं करायचं, ज्या सदस्याकडे गाडी आहे त्याला जागा मिळायची आणि साधारणपणे एका सदस्याला एकच जागा, अशी रचना आहे. जागा उरली तरच दुसरी, तीही वर्षावर्षाच्या मुदतीनं. आणि मिळालेली जागा विकण्याचा किंवा दुसऱ्याच्या नावावर करण्याचा हक्क सदस्याला नाही.

म्हणजे गाडी नाही म्हणून रिकामी राहिलेली स्टिल्टमधली जागा बाहेरच्या माणसाला परस्पर भाड्यानं देणं हे या रचनेत बसत नाही. जागा त्याच इमारतीतल्या दुसऱ्या सदस्याला हवी असेल आणि समितीनं लेखी मान्यता दिली असेल, तर वाट मोकळी होते. तालुक्याच्या गावात बऱ्याच इमारतींची सोसायटी झालेलीच नसते. त्या १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असतात. तिथं इमारतीचं घोषणापत्र बघायचं.

आणखी एक गोष्ट. इमारतीच्या मंजूर नकाशात जे पार्किंग दाखवलंय, ते बांधकाम परवानगीची अट म्हणून दाखवलेलं असतं. डिसेंबर २०२० पासून राज्यातल्या बहुतेक शहरांना एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. त्यात किती फ्लॅटमागे किती गाड्यांची जागा हवी, याचं कोष्टकच आहे. त्या पार्किंगला शटर लावून बेदाण्याचे बॉक्स ठेवायला किंवा दुकानाला देणं म्हणजे मंजूर वापर बदलणं. गाडी ऐवजी गोडाऊनला जास्त भाडं मिळतं म्हणून हा मोह होतो, पण नोटीस आली तर ती मालकालाच येते.

पैसे किती सुटतात?

आता गणित. एका मोटारीला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते. म्हणजे साडेबारा चौरस मीटर, चौरस फुटात सांगायचं तर १३५ च्या आसपास. शिवाय गाडी वळवायला आणि बाहेर काढायला मोकळी जागा वेगळी. अंगणात चार गाड्या "बसतात" असं वाटतं, पण मागची गाडी काढायला पुढच्या तीन हलवाव्या लागणार असतील तर प्रत्यक्षात ती दोनच गाड्यांची जागा आहे.

उदाहरण म्हणून समजा, आवारात दोन मोटारी लावता येतात आणि प्रत्येकी महिना ८०० रुपये ठरले. महिन्याचे १,६००. वर्षाचे १९,२००. वर्षातून एक महिना दोन्ही जागा रिकाम्या गेल्या तर १७,६००. गेटची दुरुस्ती, एक दिवा, एक कॅमेरा यावर पहिल्या वर्षी सहा-सात हजार खर्च झाले तर हातात साधारण अकरा हजार उरतात.

रील्समध्ये सांगतात तसं यातून घर चालत नाही. पण घरपट्टी, पाणीपट्टी आणि दोघांच्या महिन्याच्या औषधांचा काही भार यातून निघू शकतो. ज्या घरात पेन्शन नाही, तिथं ही रक्कम छोटी नाही.

आणि त्याच वेळी, चूक झाली तर जाणारी रक्कम याच्या कितीतरी पट मोठी आहे. कारण अंगणात उभी असलेली गाडी आठ-दहा लाखांची असते.

कराचं काय?

पार्किंगचं भाडं हे उत्पन्नच. घराचा किंवा घराला लागून असलेल्या आवाराचा भाग भाड्यानं दिला, तर ते सर्वसाधारणपणे घरमालमत्तेच्या उत्पन्नात धरलं जातं आणि त्यावर ३० टक्के ठोक वजावट मिळते. वरच्या उदाहरणात १९,२०० मधून ५,७६० वजा होऊन १३,४४० रुपये उत्पन्नात धरले जातील. नुसता मोकळा प्लॉट भाड्यानं दिला तर ते इतर उत्पन्नात जातं आणि ही ३० टक्के वजावट मिळत नाही.

२०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नाही, त्यामुळे अनेकांना प्रत्यक्ष कर लागणार नाही. पण विवरणपत्र भरत असाल तर हे भाडं त्यात दाखवायला हवं.

जीएसटी? घर राहायला भाड्यानं दिलं तर मिळणारी सूट पार्किंगच्या सेवेला नाही. पण वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला नोंदणीच करावी लागत नाही. घरगुती पार्किंगवाल्याला त्याचं टेन्शन नाही. फक्त त्याच माणसाचा दुसरा धंदा आधीच जीएसटीत नोंदलेला असेल, तर हे भाडंही हिशोबात येतं.

नगरपरिषदेची घरपट्टी मात्र विसरू नका. निवासी जागेचा नियमित व्यावसायिक वापर सुरू झाला तर आकारणी बदलू शकते. दोन गाड्या आणि वीस गाड्या यांच्याकडे एकाच नजरेनं बघितलं जाणार नाही.

"एकदा आत आला की बाहेर निघणार नाही"

जागा रिकामी ठेवणाऱ्या बहुतेकांच्या मनात हीच भीती असते. ती हवेतली नाही. कुळकायदा आणि जुना भाडेकरू कायदा यांच्या गोष्टी घराघरात आहेत. एकेकाळी दिलेली जागा परत मिळाली नाही, हे आजोबांनी सांगितलेलं असतं.

यावरचा उपाय म्हणजे भाडेपट्ट्याऐवजी लीव्ह अँड लायसन्स. भाडेपट्ट्यात जागेवरचा हक्क मुदतीपुरता दुसऱ्याकडे जातो. लायसन्समध्ये मिळते ती फक्त वापराची परवानगी. ताबा मालकाचाच. म्हणून करारात "या जागेत अमुक नंबरची एक गाडी उभी करण्याची परवानगी" असे शब्द असावेत आणि गेटची एक किल्ली कायम मालकाकडे असावी.

इथं आणखी एक गैरसमज. "अकरा महिन्यांचा नोटरी करार केला की झालं." महाराष्ट्रात असं नाही. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा जिथं लागू आहे, तिथं इमारतीच्या भागाचा लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, मुदत कितीही असो. या कायद्याच्या जागेच्या व्याख्येत इमारतीला लागून असलेली गॅरेजही येतात. नोंदणी केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाद झाला तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते धरलं जातं. ते चूक आहे हे सिद्ध करायचं काम मालकाचं. मुद्रांक शुल्क ५ वर्षांपर्यंतच्या करारावर एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, म्हणजे किरकोळ, आणि ही नोंदणी ऑनलाइनही होते.

किल्ली हातात घेतली की जबाबदारीही आली

१९९८ मध्ये दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलमध्ये एक ग्राहक मारुती झेन घेऊन आला. किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिली. परत आला तेव्हा गाडी चोरीला गेलेली. पावतीवर छापलं होतं की गाडी मालकाच्या जोखमीवर. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १४ नोव्हेंबर २०१९ ला निकाल लागला. ग्राहकानं गाडी आणि किल्ली विश्वासानं सोपवली, म्हणजे ती सांभाळायची जबाबदारी हॉटेलनं घेतली. स्वतःच्या निष्काळजीपणातून नुसत्या छापील ओळीच्या आधारे सुटता येणार नाही.

हॉटेल आणि वाडा एकच नव्हे. पण धडा लागू पडतो. "काका, किल्ली तुमच्याकडं राहू दे, अडचण झाली तर हलवा" असं गिऱ्हाईक म्हणतं आणि काका हो म्हणतात. तिथं नुसती जागा देण्याचं काम संपतं आणि गाडी सांभाळण्याचं काम सुरू होतं. पोरानं गाडी मागं घेताना खांबाला घासली, तर भरपाई कुणी द्यायची?

म्हणून किल्ली घ्यायची नाही. गाडीच्या आरसीची आणि मालकाच्या ओळखपत्राची प्रत घ्यायची. गाडीचा विमा चालू आहे का आणि तो सर्वसमावेशक आहे का, हे बघायचं. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात चोरी आणि आग यांची भरपाई मिळत नाही. त्या वेळी गाडीवाल्याचं बोट आधी जागामालकाकडे वळतं.

बाहेर काय चाललंय?

जपानमध्ये १९६२ पासून कायदा आहे. मोटार नोंदवायची तर गाडी ठेवायला जागा असल्याचा दाखला लागतो. त्यामुळे महिन्याच्या भाड्यानं पार्किंग देणं हा तिथं गल्लोगल्लीचा धंदा. ब्रिटनमध्ये घराचा ड्राइव्हवे भाड्यानं देण्याच्या वेबसाइट्स २००६ पासून आहेत आणि २०१७ पासून अशा किरकोळ मालमत्ता उत्पन्नात वर्षाला १,००० पौंडांपर्यंत कर माफ आहे. म्हणजे एका देशानं मागणी तयार केली आणि दुसऱ्यानं छोट्या मालकाची कागदपत्रांची कटकट कमी केली.

महाराष्ट्रात मे २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगच्या जागेचा दाखला असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी करायची नाही, अशी भूमिका मांडली. चर्चा मुख्यतः मुंबई महानगराची होती. पण असा नियम उद्या तालुक्याच्या गावांपर्यंत आला, तर पेठेतल्या त्या रिकाम्या अंगणाची किंमत एका रात्रीत बदलेल. आणि अंगण नसलेल्या माणसाचं गाडीचं स्वप्न महाग होईल. दोन्ही गोष्टी एकदमच होतील.

तासगावपुरतं बोलायचं तर चित्र सरळ आहे. स्वतःचं आवार, एकट्याचं नाव, दोन-तीन गाड्या, नोंदणीकृत करार आणि किल्ली गिऱ्हाईकाच्याच खिशात, असं असेल तर ही वरकमाई बिनघोर आहे. स्टिल्ट असेल तर आधी सोसायटी, वाडा असेल तर आधी भाऊ, रान असेल तर आधी तहसील.

आणि रथोत्सवाच्या दिवसाचं? बसस्थानक आणि मंदिर यांच्या दरम्यानची दहा-वीस आवारं त्या एका दिवसासाठी उघडली, नगरपरिषद आणि पोलिसांनी त्यांची यादी आधीच जाहीर केली आणि दर पाटीवर लिहिले, तर रथाच्या वाटेवरच्या बऱ्याच गाड्या कमी होतील. त्यासाठी नवा पूल लागत नाही की वाहनतळाची इमारत लागत नाही. जागा गावातच आहे, फक्त गेटच्या आत आहे.